तीस वर्षं टिकलेला पत्रा आणि चार वर्षांत गंजलेला पत्रा

औसा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: "आमच्या आजोबांनी भूकंपानंतर माळवद उतरवून घरावर पत्रे टाकले. ते अजून शाबूत आहेत, रंग काळवंडलाय एवढंच. मी चार वर्षांपूर्वी गोठ्यावर चांगले निळे रंगीत पत्रे टाकले, तर नालीच्या वरच्या बाजूला आणि कापलेल्या कडांना गंज चढला. दोन ठिकाणी भोकं पडली. दुकानदार म्हणतो ऑइल पेंट मारा. आता नवा गोठा आणि शेजारी खताची खोली बांधायची आहे. पत्र्यावरचा हा मुलामा नेमकं काय काम करतो, आणि मी कोणता पत्रा घ्यावा?"

भाऊ, पंचवीसेक वर्षं मी लातूर, धाराशिव, बीड भागात शेड उभी करतो आहे आणि हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर कुणी ना कुणी विचारतोच. तुमच्या दोन ओळींतच अर्धं उत्तर आहे. गोठ्यातलं मूत्र वाहून नेणाऱ्या नालीच्या वर गंज, म्हणजे पत्रा खालून खाल्ला गेलाय. पावसाने तो खाल्लेला नाही. आजोबांचा पत्रा मात्र खाली राहत्या घराच्या कोरड्या हवेत आहे. पत्रे दोन असले तरी त्यांच्या नशिबी आलेली हवा एक नव्हती, हे आधी ध्यानात घ्या. शिवाय दोन्हींवरचा मुलामा वेगळा, तेही सांगतो.

लोखंड नुसत्या पाण्याने गंजत नाही आणि नुसत्या हवेनेही गंजत नाही. दोन्ही एकत्र लागतात. पत्र्यावर दवाचा पातळ थर बसला की त्यात हवेतला ऑक्सिजन विरघळतो आणि लोखंडाचे कण सुटू लागतात. जो गंज तयार होतो तो लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात. तो पोकळ असल्याने ओल धरून ठेवतो आणि खालच्या चांगल्या लोखंडाला पुन्हा भिजवतो. म्हणूनच एकदा सुरू झालेला गंज आपल्याआपण थांबत नाही.

मुलामा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कल्हई येते. तांब्या-पितळेच्या भांड्याला कथलाची कल्हई केली की पदार्थ आणि भांडं यांच्यामध्ये आडोसा होतो. कल्हई उडाली की त्या जागी आडोसा संपला. लोखंडी पत्र्यावर कथलाचा मुलामा दिला तर प्रकरण आणखी बिघडतं. तेलाचा पत्र्याचा डबा आठवा. त्यावर ओरखडा पडला की तिथे झपाट्याने गंज धरतो, कारण ओल्या हवेत कथलापेक्षा लोखंड आधी झिजायला तयार असतं. उघडं पडलेलं लोखंड कथलापायी मरतं.

जस्ताचं उलटं आहे. जस्त लोखंडापेक्षा आधी झिजतं. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी आजूबाजूचं जस्त स्वतः झिजत राहतं आणि त्या उघड्या रेघेला वाचवतं. हे वाचवणं काही मिलिमीटरपुरतंच असतं, पण पातळ पत्र्याची कापलेली कड आणि स्क्रूचं भोक एवढ्याला ते पुरतं. आडोसा आणि पाठराखण ही दोन्ही कामं जस्त करतं. नुसता रंग फक्त आडोसा देतो. खात्री करायची असेल तर दोन ग्लासांत मिठाचं पाणी घ्या, एकात साधा खिळा आणि दुसऱ्यात जस्त चढवलेला खिळा कानशीने थोडा घासून टाका. दोन दिवसांनी पाण्याचा रंग बघा.

पोलादावर जस्त चढवण्याच्या या पद्धतीचं पेटंट स्टॅनिस्लास सोरेल या फ्रेंच माणसाने १८३७ मध्ये घेतलं. जवळपास दोनशे वर्षं झाली, मूळ कल्पना तीच आहे.

जस्ताचं तिसरं काम फारसं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडे तेच सर्वांत महत्त्वाचं. नव्या जस्ताला हवा लागली की त्यावर ऑक्साइड होतं, ओल लागली की हायड्रॉक्साइड, आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेटचा घट्ट राखाडी थर बसतो. दुधावर साय धरावी तसा. आजोबांचा पत्रा काळवंडलाय म्हणता ना, ती हीच साय. ती आहे म्हणून खालचं जस्त इतकं हळू झिजलं. हौसेने तारेच्या ब्रशने घासून पत्रा चकचकीत करू नका, साय निघून जाईल.

पण ही साय धरायला पत्रा मधूनमधून वाळावा लागतो, त्याला हवा लागावी लागते. सतत ओला आणि कोंडलेला राहिला तर साय धरत नाही, पांढरी भुकटी धरते. व्यवसायाच्या दुसऱ्याच वर्षी मी उदगीरजवळच्या एका कामासाठी पत्र्यांची गठ्ठी आणून प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवली होती. पाऊस लागू नये हाच हेतू. काम महिनाभर लांबलं. आषाढात उघडली तेव्हा मधले पत्रे चुना लावल्यासारखे पांढरे झाले होते. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकलं होतं, हवा नव्हती, आणि जस्त नुसतं विरत गेलं. ती सगळी गठ्ठी मला माझ्या पैशाने बदलून द्यावी लागली. तेव्हापासून पत्रे आले की लाकडी ओंडक्यांवर, एक बाजू वीतभर उंच करून ठेवतो, वर ताडपत्री सैल टाकतो आणि बाजू मोकळ्या सोडतो. पत्रे भिजलेच तर त्याच दिवशी सुटे करून उभे लावतो.

आता दुकानात काय विचारायचं ते बघू. आपण पत्रा घेतो तो जाडी, रंग आणि भाव विचारून. "पॉइंट पाच आहे का?" एवढंच. गंजाशी ज्याचा संबंध आहे ते विचारतच नाही: चौरस मीटरला जस्त किती ग्रॅम? जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचं भारतीय मानक आयएस २७७ आहे. त्यात जस्ताच्या वजनाप्रमाणे प्रती ठरवल्यात: १२०, १८०, २२०, २७५ वगैरे. हा आकडा म्हणजे एका चौरस मीटरवर, दोन्ही बाजूंचं मिळून, इतके ग्रॅम जस्त. २७५ म्हणजे एका बाजूला सुमारे १९ मायक्रॉन. १२० म्हणजे एका बाजूला ८ मायक्रॉनच्या आसपास. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो, यावरून डोळ्यांना हा फरक दिसणं शक्य नाही हे कळेल. पत्र्यावर दिसणारी चकाकती फुलंही काही सांगत नाहीत. पूर्वी जस्तात शिसं असायचं त्याने फुलं मोठी पडायची. आज बारीक फुलांचा किंवा फुलं नसलेला पत्रा जास्त जस्ताचा असू शकतो.

कारखान्यात पत्र्याची लांबच लांब पट्टी साफ करून, भट्टीतून काढून, साधारण ४५० ते ४६० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. ती वर येताना दोन्ही बाजूंनी हवेचा जोरदार झोत मारून जास्तीचं जस्त निपटून काढतात. कढईतून पळी काढताना काठावर निपटतो तसं. झोत किती जोरात, यावर पत्र्याचं आयुष्य ठरतं. जस्त महाग आहे, म्हणून स्वस्त पत्र्यात पहिली काटकसर इथेच होते.

या मायक्रॉनांचं वर्षांत रूपांतर करता येतं. हवा किती गंजवते याप्रमाणे आंतरराष्ट्रीय मानकात वर्ग पाडले आहेत. कमी गंजवणाऱ्या हवेत जस्त वर्षाला ०.१ ते ०.७ मायक्रॉन झिजतं. समुद्राकाठच्या फार खाऱ्या हवेच्या वर्गात हाच आकडा ४ ते ८ च्या घरात जातो. आपला मराठवाडा समुद्रापासून लांब, वर्षातले आठ महिने कोरडा, त्यामुळे मोकळ्या शिवारातलं छप्पर बहुतेक पहिल्या गटात मोडतं. वाईटात वाईट ०.७ धरा. २७५ चा पत्रा २७ वर्षं जस्त टिकवील आणि १२० चा बारा वर्षं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हेच २७५ चं जस्त पाच वर्षंही पुरणार नाही. म्हणून कोकणातल्या पाहुण्याने दिलेला सल्ला इकडे आणि इकडचा सल्ला तिकडे चालवू नये. आपल्याकडेही कोळसा जाळणाऱ्या चिमणीच्या वाऱ्याखाली घर असेल तर हिशेब बदलतो. धुरातल्या गंधकाने जस्ताची साय विरघळणारी होते आणि प्रत्येक पावसात धुऊन जाते.

किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागात पत्रा घरोघर आला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या मातीखाली माणसं गेली. डोक्यावर जड काही नको, ही धास्ती अजून गेलेली नाही. त्या काळातले पत्रे मी निलंगा आणि उमरगा भागात मोजायच्या यंत्राने तपासले आहेत. एका घरावरच्या पत्र्यावर अजून पंचवीसच्या आसपास मायक्रॉन जस्त शिल्लक होतं. तुमच्या आजोबांचा पत्राही तसाच भरघोस जस्ताचा असणार.

तुमचा निळा पत्रा वेगळ्या जातीचा. बाजारात रंगीत म्हणून मिळतो त्यात बहुतेक वेळा खाली गॅल्व्हल्यूम असतं, म्हणजे ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३ टक्क्यांच्या वर जस्त आणि दीड टक्क्याच्या आसपास सिलिकॉन यांचा मुलामा. हा वाईट पत्रा नाही, उलट मोकळ्या हवेतल्या छपराला मी स्वतः तोच सुचवतो. त्यात ॲल्युमिनियमची जाळी असते आणि जाळीच्या पोकळ्यांत जस्त. जस्त आधी झिजतं आणि त्याची भुकटी त्याच पोकळ्या बुजवते, ॲल्युमिनियमची जाळी मागे उभी राहते. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या साध्या जस्तापेक्षा तो मोकळ्यावर दुपटीहून जास्त टिकतो. मात्र कापलेल्या कडेची पाठराखण साध्या जस्ताइतकी चांगली करत नाही. वरचा रंग साधारण २० मायक्रॉनचा, त्याखाली ५ मायक्रॉनचा प्राइमर. आणि खालची बाजू, जी गोठ्यात जनावरांकडे तोंड करून असते, तिच्यावर मात्र बहुतेक ५ ते ७ मायक्रॉनचा पातळ हात.

इथे तुमचा पत्रा मेला. मूत्र आणि शेण कुजताना अमोनिया सुटतो. तो हलका, वर चढतो. हिवाळ्याच्या पहाटे पत्रा गार पडतो, खाली जनावरांच्या श्वासाची वाफ, पत्र्याला आतून घाम सुटतो. त्या घामात अमोनिया विरघळला की पाणी अल्कलीधर्मी होतं, सोड्याच्या पाण्यासारखं. ॲल्युमिनियमचं सोड्याच्या पाण्याशी अजिबात जमत नाही, जस्ताचंही फारसं नाही. वरच्या बाजूला निदान पाऊस येऊन धुऊन जातो. खालची बाजू जन्मात कधी धुतली जात नाही. म्हणूनच पत्रे बनवणाऱ्या कंपन्या गॅल्व्हल्यूमच्या हमीतून जनावरांचे बंदिस्त गोठे सहसा वगळतात. ही ओळ हमीपत्राच्या बारीक अक्षरात असते आणि शेतकऱ्यापर्यंत ती कुणी पोचवत नाही, याचा मला मनापासून राग येतो. गोठ्यासाठीच पत्रा मागायला आलेल्या माणसाला हे तोंडाने सांगायला हवं.

नव्या गोठ्यासाठी मी हे करीन. आधी उंची. कडेला निदान दहा फूट, मधे चौदा, आणि आढ्यावर वीतभर फट ठेवून वर टोपी. अमोनिया निघून गेला आणि पत्रा दुपारपर्यंत सुकला, की कुठलाही मुलामा दुपटीने जगतो. एवढी उंची परवडत नसेल तर गोठ्याच्या तीन बाजू मोकळ्या ठेवा. पत्रा २७५ जस्ताचा जीआय घ्या आणि खालच्या बाजूला इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून मारायचा) रंग, चढवण्याआधी जमिनीवरच मारून घ्या. दोन्ही बाजूंना सारखा जाड रंग असलेला पत्रा मागवूनही मिळतो, पण पूर्ण गाडीची ऑर्डर नसेल तर तालुक्याच्या दुकानदाराला तो आणणं जड जातं. हल्ली जस्तात थोडं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम मिसळलेला मुलामाही येतो. सोलरच्या सांगाड्यांना तो वापरतात. कडा राखण्यात तो साध्या जस्ताहून सरस आहे, मिळाला तर अवश्य घ्या. आणि नाली गव्हाणीपासून बाहेर उताराने काढा, गोठ्यात मूत्र साचू देऊ नका. पत्र्याचं आयुष्य खालच्या फरशीच्या उतारावर अवलंबून असतं हे सांगितलं तर लोकांना नवल वाटतं, पण मी ते प्रत्यक्ष पाहिलं आहे.

खताची खोली गोठ्याला चिकटवू नका. पोटॅशच्या खतात क्लोराइड असतं, म्हणजे मिठातला गंजवणारा भाग तोच. फाटक्या गोणीची धूळ पत्र्यावर, स्क्रूवर, परलीनवर (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर) बसते, पावसाळी हवेतून ओल ओढून घेते आणि समुद्रकिनारा तुमच्या खोलीत येतो. भिंती विटांच्या करा, पत्रा फक्त वर. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. वर्षातून दोनदा, खत संपलं की आतून पत्रा साध्या पाण्याने धुवा. बोअरचं पाणी खारं असेल तर टाकीत धरलेलं पावसाचं पाणी वापरा.

कापलेल्या कडांचं काय झालं असेल त्याचाही मला अंदाज आहे. मिस्त्रीने ग्राइंडरने कापलं ना? ग्राइंडरच्या उष्णतेने कडेचं जस्त आणि रंग जळतो, आणि ठिणग्यांतले लोखंडाचे तप्त कण शेजारच्या पत्र्यावर जाऊन रुततात. पहिल्या पावसात ते तांबडे ठिपके दिसतात. पत्रा कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) कापायचा. भोक पाडल्यावर उडालेला चुरा त्याच संध्याकाळी मऊ झाडूने झाडून काढायचा. मिस्त्री कुरकुर करतो, पण मी माझ्या माणसांना या दोन गोष्टींवर सूट देत नाही.

स्क्रू जस्त चढवलेले आणि चांगल्या रबराच्या वॉशरचे घ्या. पत्रा चाळीस वर्षांचा आणि स्क्रू पाच वर्षांचा, असं बरेचदा होतं. छपरावर स्क्रू उंचवट्यावर मारायचा, खोलगटात पाणी वाहतं. तो फार कचकचून आवळू नका. आपल्याकडे दिवसा तापलेला पत्रा आणि पहाटेचा पत्रा यांत पन्नास अंशांचा फरक सहज पडतो, आणि वीस फुटी पत्रा तेवढ्यात साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबतो-आखडतो. फाटलेल्या वॉशरखालून पाणी शिरतं.

वाऱ्याने उडू नये म्हणून पत्र्यावर दगड आणि टायर ठेवण्याची रीत सोडा. दगडाखाली ओल राहते, वाऱ्याने दगड हलला की मुलामा घासतो. कडुनिंबाचा पाला, कडब्याची ताटं, पावसाळ्याआधी झाडून टाका. ओला सिमेंटचा गारा पत्र्यावर सांडला तर लगेच धुवा, तोही अल्कलीच आहे. आणि सोलर हीटरच्या तांब्याच्या नळीचं गळणारं पाणी पत्र्यावर पडू देऊ नका. तांब्याचे कण पत्र्यावर उतरले की त्या रेघेत जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही झपाट्याने खाल्ले जातात. गळती थेट पन्हळीत काढा, तीही पीव्हीसीची.

आता दुकानदाराचा ऑइल पेंट. जस्तावर थेट तेलाचा रंग मारला तर रंगातलं तेल आणि जस्त यांचा साबणासारखा पदार्थ होतो, आणि दोन पावसाळ्यांत रंग पापुद्र्यासारखा निघतो. नव्या जस्तावर आधी वॉश प्राइमर (रंग जस्ताला धरावा म्हणून मारायचा पातळ हात) किंवा इपॉक्सी प्राइमर, मगच रंग. जिथे गंज चढलाच आहे तिथे तारेच्या ब्रशने उघड्या लोखंडापर्यंत घासा, धुवा, उन्हात वाळू द्या, मग भरपूर जस्तपूड असलेला झिंक प्राइमर द्या. त्यातली जस्तपूड उघड्या लोखंडाला चिकटली तरच काम करते, गंजावर मारलेला प्राइमर वाया जातो. भोकं पडलेले पत्रे मात्र रंगवत बसू नका. ते काढा आणि गोठ्याबाहेर कडब्याला आडोसा म्हणून लावा.

खरेदीला जाल तेव्हा पत्र्याच्या मागची छापील ओळ वाचा. आयएसआयची खूण, मानकाचा क्रमांक आणि मुलाम्याची प्रत तिथे असते. जाडी विचारताना "नुसत्या पोलादाची की मुलाम्यासकट?" हेही विचारा, कारण ०.५० च्या रंगीत पत्र्यात पोलाद ०.४३ च्या आसपासच असू शकतं. बिलावर प्रत लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा, लातुरात पुष्कळ आहेत. जुन्या गोठ्याचे चांगले उरलेले पत्रे या दिवाळीनंतर, हवा कोरडी असताना, खालून घासून इपॉक्सी मारून घेतलेत तर नवा गोठा उभा राहीपर्यंत ते तुम्हाला सांभाळतील.